फोनवरचा सौदा कॉम्प्युटरच्या वहीत

व्यापारी बंधूंनो, आपल्या कापडाच्या धंद्यात माल नंतर हलतो, जबान आधी हलते. भिवंडी, मालेगाव किंवा इचलकरंजीच्या मागावरून उतरलेले कोरे कापड मुंबईच्या मूळजी जेठा मार्केटात जावो, सुरतेस जावो, की रंगाई-छपाईसाठी पाली-बालोत्र्यास जावो, गाठी बांधण्यापूर्वी ते फोनवर विकले गेलेले असते. पन्ना, रीड-पीक, मीटर, भाव, गाडीभाडे कोणाचे, पैसे किती दिवसांनी, हे सारे चार मिनिटांत ठरते. मग चलन फाडले जाते, बिल बनते, त्यावर मीटर आणि भाव येतात. परंतु वटाव किती, धारा किती दिवसांची, डॅमेज निघाला तर कोणाच्या माथी, या गोष्टी बहुधा कागदावर येतच नाहीत. त्या जबानी राहतात, आणि झगडा नेमका त्यांच्यावरच होतो.

अशा झगड्यात मोठ्या पेढीचे फारसे बिघडत नाही. तिच्याकडे मुनीम असतो, वकील असतो आणि थांबण्याची ताकद असते. आठ-दहा मागांचा मालक, किंवा दोन कारागीर घेऊन भरतकामाचे जॉबवर्क करणारा माणूस, त्याला सूतवाल्याचे पैसे शनिवारी द्यायचे असतात. समोरचा म्हणाला की बोलणे असे नव्हतेच, तर तो दोन दिवस माग बंद ठेवून मुंबईला भांडायला जाऊ शकत नाही. तो रक्कम सोडून देतो आणि पुढचा सौदा करतो. वर्षाकाठी अशी सोडलेली रक्कम कोणी जोडून पाहत नाही. जोडली तर रात्रीची झोप उडेल.

आता बहुतेक घरांत मुलांच्या अभ्यासासाठी किंवा जीएसटीच्या हिशेबासाठी एक कॉम्प्युटर आलेला आहे. त्याच कॉम्प्युटरवर फोनचे बोलणे उतरवून ठेवता येते, आणि त्यासाठीचे सॉफ्टवेअर फुकट मिळते. हे काम कसे करावे, त्यात काय सांभाळावे आणि कायद्यात त्याला किती वजन आहे, याविषयी आमच्या गादीवरच्या अनुभवातून काही गोष्टी येथे मांडतो. आम्ही इंजिनियर नाही. त्यामुळे दुकानदाराला कळेल अशाच भाषेत हे लिहिणे आम्हाला भाग आहे.

पहिली गोष्ट ही की आवाज साठवण्याची कला आणि टेलिफोन यांचे नाते जुने आहे. डेन्मार्कच्या व्हाल्डेमार पाउलसन या इंजिनियरने १८९८ साली पोलादी तारेवर चुंबकाच्या जोरावर आवाज उतरवणारे यंत्र काढले. त्याला नाव दिले टेलिग्राफोन. टेलिफोनवर आलेला निरोप साठवून ठेवणे हाच त्याचा एक हेतू होता. १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात ते मांडले गेले, तेव्हा ऑस्ट्रियाचे बादशहा फ्रांझ जोसेफ यांनी त्यात आपला आवाज भरला. टेपरेकॉर्डर, कॅसेट ही सारी त्या तारेचीच औलाद म्हणावी लागेल.

तारेतून येणारा आवाज

ज्यांच्या गादीवर अजून तारेचा टेलिफोन आहे त्यांच्यापासून सुरुवात करू. टेलिफोनची तार माणसाचा पूर्ण आवाज वाहून नेत नाही. ३०० ते ३४०० हर्ट्झ या पट्ट्यातला आवाज ती नेते, त्याखालचा आणि वरचा कापून टाकते. डिजिटल एक्सचेंज हा आवाज सेकंदाला ८००० वेळा मोजते आणि प्रत्येक मोजणी ८ बिटांत लिहिते. म्हणून कॉम्प्युटरनेही सेकंदाला ८००० वेळाच मोजला तरी तारेत जेवढे होते तेवढे सारे हाती येते. पुष्कळ लोक सॉफ्टवेअर उघडतात आणि जसे आहे तसे चालू करतात. ते बहुधा ४४,१०० वर, कधी स्टीरिओवर लावलेले असते, म्हणजे संगीताच्या सीडीचा दर्जा. सूत चाळीसचे असताना शंभर काउंटचा भाव मोजण्यासारखे हे आहे.

हिशेब पाहा. सीडीच्या दर्जाने एक तासाचे बोलणे सुमारे ६३५ एमबी जागा खाते. तेच ८००० वर, एकेरी म्हणजे मोनो, ८ बिटांत उतरवले तर तासाला सुमारे २९ एमबी होते. आमचा सल्ला १६ बिट ठेवण्याचा आहे, कारण हळू बोलणाऱ्याचा आवाज त्यात खरखरत नाही. तासाला ५८ एमबीच्या आत काम होते. रोज एक तास सौद्याचे बोलणे धरले आणि वर्षाचे ३०० दिवस धरले, तर वर्षाचा सारा माल १८ जीबीत बसतो. ३२ जीबीचा पेनड्राइव्ह त्याला पुरून उरतो. १९९५-९६ च्या सुमारास घरगुती कॉम्प्युटरची सबंध हार्ड डिस्क १ जीबीच्या आसपास असे. त्या काळी ज्याने हा उद्योग केला असता त्याला तीन आठवड्यांत सारे पुसून पुन्हा सुरुवात करावी लागली असती.

आवाज तारेतून कॉम्प्युटरमध्ये न्यायचा कसा? येथे एक धोक्याचा इशारा द्यावा लागेल. टेलिफोनची तार सोलून सरळ कॉम्प्युटरच्या माइकच्या भोकात घालू नये. तारेवर रिसीव्हर खाली असताना सुमारे ४८ व्होल्ट असतात, आणि घंटी वाजते तेव्हा ७५ व्होल्ट व त्याहूनही जास्त विजेचा हेलकावा येतो. माइकच्या भोकाची सहनशक्ती एका व्होल्टापेक्षाही कितीतरी कमी. साउंड कार्ड त्या घंटीतच खलास होईल. मध्ये ६०० ओहमचा छोटा ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटर असलेला डबा लागतो. तो टेलिफोनची वीज अलग ठेवतो आणि फक्त आवाज पुढे जाऊ देतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत विचारल्यास हे भाग मिळतात, परंतु जोडणी जाणकाराकडूनच करून घ्यावी.

याहून सोपे दोन उपाय आहेत. एक, रबराच्या चोषकाने रिसीव्हरला चिकटवण्याची कॉइल. ही रिसीव्हरच्या कानाकडच्या भागातले चुंबकीय हेलकावे पकडते. स्वस्त आहे, परंतु जवळचा ट्यूबलाइट, मोटार, चार्जर यांची गुणगुणही ती इमानदारीने पकडते. दोन, कानात घालण्याचा बारीक माइक. तो कानात बसवायचा, त्यावर रिसीव्हर धरायचा आणि त्याची पिन कॉम्प्युटरच्या माइकच्या भोकात घालायची. समोरच्याचा आवाज तो रिसीव्हरमधून ऐकतो आणि आपला आवाजही त्याला ऐकू येतो. आमच्या मते गादीसाठी हाच उपाय सर्वांत बरा. तारेला हात लावावा लागत नाही, आणि तोच माइक मोबाइललाही चालतो. लॅपटॉपवर काम करत असाल तर त्या वेळी चार्जरची पिन काढून ठेवावी. अर्धी गुणगुण तेथेच बंद होते.

सॉफ्टवेअरचे काम

विंडोजमध्ये स्वतःचा साउंड रेकॉर्डर असतोच. विंडोज एक्सपीच्या काळातला रेकॉर्डर ६० सेकंदांनंतर आपोआप थांबत असे, म्हणजे दलालाची सलाम-दुआ संपेपर्यंतच त्याची मुदत भरे. पुढच्या आवृत्त्यांत ही अडचण गेली. तरीही आम्ही ऑडॅसिटी नावाचे सॉफ्टवेअर वापरण्याची शिफारस करू. अमेरिकेच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक माझोनी व रॉजर डॅनेनबर्ग यांनी ते सुरू केले आणि २००० साली ते लोकांसाठी खुले झाले. ते फुकट आहे आणि साध्या, जुन्या कॉम्प्युटरवरही चालते. मात्र ते त्याच्या मूळ ठिकाणाहूनच उतरवून घ्यावे. भलत्या ठिकाणाहून घेतले तर सोबत विषाणूही घरात येतो.

त्यात आधी माइक निवडावा, मोनो निवडावा, दर ८००० ठेवावा. मग एखाद्या घरच्या माणसाला फोन लावून दोन मिनिटे बोलून पाहावे. पडद्यावर आवाजाची जी पट्टी हलते ती जोरात बोलतानाही टोकाला टेकता कामा नये. उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहिली तर उत्तम. टोकाला टेकली की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज कोणत्याही सॉफ्टवेअरने शिवता येत नाही. हळू आलेला आवाज नंतर वाढवता येतो. म्हणून चूक व्हायचीच असेल तर ती हळूच्या बाजूने व्हावी.

या सॉफ्टवेअरमध्ये एक सोय फार कामाची आहे. आवाज आला की उतरवणे चालू आणि शांतता झाली की बंद, असे त्याला सांगून ठेवता येते. सकाळी एकदा चालू केले की दिवसभरातली बोलणी एका मागोमाग एक उतरत राहतात. परंतु यातही एक ख्याल ठेवावा. अशा फाइलमधून मधल्या शांततेची वेळ गायब होते. म्हणून मोठा सौदा असेल तेव्हा ही सोय बंद ठेवून पूर्ण बोलणे सलग उतरवावे. पुढे कोणी म्हणायला नको की मधला तुकडा कापला.

मागांच्या शेजारी ज्यांची गादी आहे त्यांना खटखटाटाचा त्रास होणारच. ऑडॅसिटीत ३०० हर्ट्झच्या खालचे सारे कापणारा गाळणा आहे. टेलिफोनच्या आवाजात त्याखाली कामाचे काही नसतेच, त्यामुळे ५० हर्ट्झची विजेची गुणगुण आणि मागाचा धडधडाट बराच कमी होतो. फक्त हा गाळणा नकलेवर लावावा. मूळ फाइलला हात लावू नये, तिचे नाव सोडून तिच्यात काहीही बदलू नये. का, ते पुढे येईलच.

फाइलला नाव देताना वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, मग पार्टीचे नाव लिहावे. असे केले की कॉम्प्युटर आपोआप तारखेच्या क्रमाने वही लावून देतो. दिवस आधी लिहिणाऱ्याच्या वहीत जानेवारीची पहिली तारीख आणि फेब्रुवारीची पहिली तारीख शेजारी शेजारी बसतात आणि मग शोधाशोध होते.

मोबाइलचे काय

आजचे बहुतेक सौदे मोबाइलवर होतात हे खरे. अँड्रॉइडच्या नवव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ पासून, बाहेरच्या अ‍ॅपला फोनचे बोलणे उतरवणे कठीण करण्यात आले. मे २०२२ मध्ये गुगलने त्यातली उरलेली वाटही आपल्या प्ले स्टोअरच्या अ‍ॅपसाठी बंद केली. गुगलचे स्वतःचे डायलर असलेल्या फोनमध्ये ही सोय असते, पण बटण दाबताच दोन्ही बाजूंना सूचना ऐकू जाते की बोलणे उतरवले जात आहे. आयफोनमध्ये ऑक्टोबर २०२४ मध्ये ही सोय आली, तीही अशीच सांगून-सवरून. या घोषणेने पुष्कळ व्यापारी नाराज होतात. आमच्या मते नाराज होण्याचे कारण नाही. त्याविषयी पुढे लिहितो.

मोबाइलचे बोलणे कॉम्प्युटरवर घ्यायचे असेल तर कानातला माइक हा पहिला मार्ग. दुसरा असा की विंडोजच्या फोन लिंक या सोयीने मोबाइल ब्लूटूथने कॉम्प्युटरला जोडता येतो आणि बोलणे कॉम्प्युटरच्याच हेडफोनवर होते. व्हॉट्सअ‍ॅपचा कॉलही कॉम्प्युटरवर घेता येतो. अशा वेळी समोरच्याचा आवाज कॉम्प्युटरच्या आतच असतो. ऑडॅसिटीत वासापी नावाचा पर्याय निवडला तर तो आतला आवाज थेट उतरवता येतो. आपला आणि समोरचा असे दोन्ही आवाज एकदम हवे असतील तर ओबीएस स्टुडिओ हे दुसरे फुकट सॉफ्टवेअर अधिक सोयीचे. ते माइक व आतला आवाज दोन्ही घेते, आणि हवे तर वेगवेगळ्या पट्ट्यांवर ठेवते. चार-जी वरचा आवाज तारेच्या टेलिफोनपेक्षा रुंद असतो, सुमारे ७००० हर्ट्झपर्यंत जातो. म्हणून येथे ८००० ऐवजी १६,००० चा दर ठेवावा.

रुंदीचा हा मुद्दा आपल्यासाठी केवळ तांत्रिक नाही. स, श, फ या अक्षरांची फुंकर ३४०० हर्ट्झच्या वर असते, आणि टेलिफोनची तार नेमकी तीच कापते. आता आपल्या बाजाराची जबान पाहा. सौदा हिंदी-उर्दूत होतो आणि त्यातले आकडे एकमेकांचे जुळे भाऊ आहेत. सात आणि साठ, पैंतीस आणि पैंतालीस, सडसठ आणि अडसठ, उनसठ आणि उनहत्तर, उन्यासी आणि नवासी. उर्दू शाळेत पहाडे पाठ केलेल्या आमच्यासारख्यालाही ‘उन्यासी’ ऐकल्यावर एक क्षण थांबावे लागते. मराठीत शिकलेल्या तरुण मुलाची तर पुरती फजिती होते. आणि जे कानाला साफ ऐकू आले नाही ते कॉम्प्युटरही साफ उतरवणार नाही. म्हणून सौद्याच्या शेवटी आकडा फोडून बोलण्याची सवय लावावी: “सेठ, भाव पाँच-नौ, उनसठ, धारा चार-पाँच, पैंतालीस, मीटर आठ हजार.” समोरच्याकडून ‘हाँ’ ऐकून घ्यावे. महागातल्या यंत्रापेक्षा ही अर्ध्या मिनिटाची उजळणी जास्त काम करते.

आमच्याच गादीवरची एक हकीकत सांगतो. बाहेरगावच्या एका पेढीला आम्ही कॅम्ब्रिकचे कोरे ताके दिले होते. धारा ४५ दिवसांची. मुदत उलटल्यावर तगादा केला तेव्हा उत्तर आले की बोलणे ९० दिवसांचे होते. दलालाला विचारले, तो म्हणाला मला नक्की आठवत नाही. दलालाचेही खरे, त्याला दोन्ही घरी जेवायचे असते. हंगामाच्या सुरुवातीलाच आम्ही त्या शेठजींना सांगितले होते की गादीवरचे बोलणे कॉम्प्युटरमध्ये राहते, आणि त्यांनी हसून होकार दिला होता. ते गावात आले तेव्हा चार माणसांसमक्ष फाइल वाजवली गेली. ‘पैंतालीस’ साफ ऐकू आले, आवाज त्यांचाच. आठ दिवसांत पैसे आले. त्यानंतर दोन हंगाम त्या पेढीने आमच्याकडून एक ताका घेतला नाही. दलालाने नंतर कारण सांगितले: शेठजींना रकमेचे दुःख नव्हते, चार लोकांत स्वतःचा आवाज स्वतःविरुद्ध साक्ष देताना ऐकावा लागला याचे होते.

पैसे आमच्या हक्काचे होते, ते मिळाले, याचा आम्हाला अफसोस नाही. पण बाजारात माणसाची आबरूही भांडवलात मोजली जाते. म्हणून रेकॉर्डिंगचा खरा उपयोग सौदा झाला त्याच संध्याकाळी आहे असे आमचे मत आहे. दिवसाचे बोलणे एकदा ऐकावे, त्यावरून सौद्याची चिठ्ठी लिहावी आणि पार्टीला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवावी. पन्ना, रीड-पीक, मीटर, भाव, वटाव, धारा, भाडे, डॅमेजचा नियम, बस्स. चूक असेल तर ती दुसऱ्याच दिवशी निघते, माल गाडीत चढण्यापूर्वी. उधारीच्या व्यवहाराची तहरीर करावी आणि त्यावर गवाह ठेवावेत, ही ताकीद आपल्याला सूरह बकरातील २८२ व्या आयतीत मिळालेली आहे, आणि कुरआनातील ती सर्वांत लांब आयत आहे. आपल्यातले पुष्कळ लोक ती जाणतात आणि तरीही चिठ्ठी मागायला लाजतात. चिठ्ठी मागणे म्हणजे समोरच्यावर बदगुमानी, अशी समजूत आपण का करून घेतली, ते समजत नाही.

कायदा काय म्हणतो

टेलिफोनवरचे बोलणे टेप करून कोर्टात चालते का, या प्रश्नाचे उत्तर आपल्याच मुंबईच्या एका खटल्यातून मिळालेले आहे. आर. एम. मलकानी हे मुंबईचे कॉरोनर होते. १९६४ साली एका डॉक्टरकडे पैसे मागितल्याचा त्यांच्यावर आरोप झाला. बोलणाऱ्यांपैकी एका डॉक्टरच्या संमतीने पोलिसांनी टेलिफोनला टेपरेकॉर्डर जोडून ते बोलणे उतरवले होते. १९७२ साली सर्वोच्च न्यायालयाने ती टेप पुरावा म्हणून ग्राह्य धरली. बोलणाऱ्या दोघांपैकी एकाच्या मर्जीने उतरवले असेल तर ते तारेतून चोरून ऐकणे होत नाही, हा त्यातला मुख्य मुद्दा. आवाज कोणाचा हे ओळखता आले पाहिजे, बोलणे मुद्द्याशी संबंधित असले पाहिजे आणि टेपमध्ये फेरफार झालेला नसला पाहिजे, या अटी आल्याच.

याचा अर्थ दुसऱ्या दोघांचे बोलणे आपण उतरवू शकतो असा मुळीच नाही. भागीदाराच्या फोनवर, नोकराच्या फोनवर, प्रतिस्पर्ध्याच्या फोनवर कान लावणे हा गुन्हा आहे आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यात त्याला तुरुंगवासाची शिक्षा आहे. टेलिफोनवरचे खासगी बोलणे हा माणसाच्या खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ सालीच सांगितले, आणि २०१७ साली ९ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणाला मूलभूत हक्क ठरवले. दुसऱ्याची टेहळणी आपल्या दीनमध्येही मना आहे, हे वाचकांना आम्ही सांगायला नको. म्हणूनच सुरुवातीला सांगून टाकावे, “सेठ, बात रेकॉर्ड में रहेगी.” ज्याच्या मनात खोट नाही तो फोन ठेवत नाही. आणि जो ठेवतो, त्याने आपले काम सोपे केले असे समजावे.

कोर्टात फाइल न्यायची तर सोबत प्रमाणपत्र लागते. जालना विधानसभेच्या २०१४ च्या निवडणुकीवरून अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांचा जो वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, त्यात व्हिडिओच्या नकला पुराव्यात आल्या होत्या. जुलै २०२० च्या निकालात न्यायालयाने म्हटले की नक्कल दाखल करायची तर प्रमाणपत्र सक्तीचे. ज्या यंत्रात मूळ नोंद आहे तेच यंत्र मालकाने स्वतः कोर्टात आणून साक्ष दिली तर गोष्ट वेगळी. १ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली. त्याच्या ६३ व्या कलमात हे प्रमाणपत्र आहे. त्याचे दोन भाग: पहिला पक्षकाराने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. दोन्हींत फाइलचे हॅश मूल्य लिहायचे असते.

हॅश म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा समजा. फाइलमध्ये एक टिंब जरी बदलले तरी हा आकडा पार बदलतो. विंडोजमध्येच तो काढण्याची सोय आहे, सर्टयुटिल या नावाची, आणि घरातला कॉलेजात जाणारा मुलगा ती पाच मिनिटांत शिकतो. शा-२५६ या पद्धतीचा आकडा घ्यावा. मूळ फाइलला हात लावू नये असे वर म्हटले ते यासाठी. आज एखाद्याच्या आवाजाची हुबेहूब नक्कल कॉम्प्युटरच बनवून देतो, तेव्हा समोरचा वकील पहिला सवाल हाच करणार की ही फाइल खरी कशावरून. मोठ्या सौद्याचा हॅश आकडा त्याच दिवशी चिठ्ठीसोबत पार्टीला पाठवून दिला, तर नंतर फाइल बनवली असे म्हणायला त्याला जागा उरत नाही.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, जी फार थोड्या लोकांना माहीत आहे. विकलेल्या मालाच्या पैशासाठी दावा करण्याची मुदत ३ वर्षे आहे. उधारीची मुदत ठरलेली असेल तर ती संपल्यापासून मोजायची. ही मुदत वाढवायची असेल तर १९६३ च्या मुदत कायद्याच्या १८ व्या कलमाप्रमाणे देणेकऱ्याने देणे कबूल केल्याची लेखी आणि सहीची कबुली लागते, तीही मुदत संपण्यापूर्वी. आमच्या बाजारात असे लोक आहेत ज्यांच्या कॉम्प्युटरमध्ये “देतो भाई, ईदनंतर देतो” असे दहा वेळा उतरलेले आहे आणि त्या भरवशावर ते निवांत बसले आहेत. त्या दहा फाइलींनी मुदत एका दिवसानेही वाढेल असे समजू नये. तिसरे वर्ष सरण्याआधी एका कागदावर सही घ्या, बाकी सारे नंतर.

तसेच लघुउद्योगांच्या २००६ च्या कायद्याचे. सूक्ष्म व लघु उत्पादकाचे पैसे माल स्वीकारल्यापासून १५ दिवसांत द्यायचे असतात. लेखी करार असेल तर त्यात ठरलेल्या तारखेपर्यंत, तोही जास्तीत जास्त ४५ दिवस. कायद्यातला शब्द ‘लेखी’ असा आहे. म्हणजे उद्यममध्ये नोंद असलेल्या मागवाल्याशी खरेदीदार फोनवर ९० दिवसांची धारा ठरवून गेला तरी कायद्याच्या नजरेत त्या ९० दिवसांना आधार नाही. १५ दिवसांनंतर व्याज चढते, आणि ते बँक दराच्या तिप्पट, दर महिन्याला चक्रवाढ. व्याजाचा मामला आपल्यापैकी पुष्कळांना नको असतो, तो ज्याच्या त्याच्या मर्जीचा. पण मुद्दल वेळेवर मागण्याचा हक्क तर आहेच. निव्वळ व्यापाऱ्याला मात्र या तरतुदीचा लाभ नाही, तो माल बनवणाऱ्याला आहे, हे आमच्यासारख्या गादीवाल्यांनी लक्षात ठेवावे.

फाइली जपून ठेवण्याविषयी थोडेसे. ३ वर्षांच्या मुदतीमुळे किमान ४ वर्षांचे बोलणे राखावे. एक प्रत कॉम्प्युटरमध्ये, दुसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर, आणि ती डिस्क गादीवर न ठेवता घरी. पेनड्राइव्ह ने-आण करायला ठीक आहे, वर्षानुवर्षे जपायला नाही; कपाटात पडून पडूनही तो दगा देतो. दरवर्षी रमजानच्या आधी जेव्हा हिशेबाच्या वह्या काढता तेव्हा जुन्या फाइली नव्या डिस्कवर उतरवून हॅश आकडे ताडून पाहावेत. ज्या सौद्याचे पैसे चुकते झाले आणि ४ वर्षेही उलटली, त्याचे बोलणे पुसून टाकावे. त्यात त्या माणसाच्या घरच्या, आजारपणाच्या, मुलीच्या लग्नाच्या गोष्टीही असतात, आणि त्या त्याने आपल्याला सांगितल्या होत्या, कॉम्प्युटरला नव्हे.